देवळापासून लांब गेलं की बरं वाटणारा पुजारी

"मॅडम, आधी एवढंच सांगा. महारोग हाय का न्हाई?"

प्रश्न पेशंटचा नव्हता. तो विचारणारे गंगाधरराव केबिनच्या दारात उभे होते. आत खुर्ची रिकामी होती, तरी ते बसले नाहीत. डोंगरकडा गावाच्या पुढच्या एका खेड्यात महादेवाचं देऊळ आहे. त्या देवळाच्या पंच कमिटीचे ते अध्यक्ष. पेशंट होते दिगंबर गुरव, त्याच देवळाचे पुजारी. वय साठीच्या आसपास. शेजारी त्यांची बायको रुक्मिणबाई बसली होती. गंगाधरराव स्वतःच्या जीपनं आले होते आणि हे दोघं एसटीनं. एकाच गावातून, एकाच कामासाठी. मी काही विचारलं नाही. कळायचं ते कळलं.

मी हिंगोलीत त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. कुष्ठरोगाला लोक अजून महारोग म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना आवाज खाली आणतात. गंगाधररावांनी तो खाली आणला नव्हता.

दिगंबरमामांचा चेहरा पाहिल्यावर शंका कोणालाही आली असती. कपाळाची कातडी जाड होऊन तिला घड्या पडल्या होत्या. भुवया विरळ झालेल्या. कानाच्या पाळ्या सुजून लोंबल्यासारख्या. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात चेहरा असाच दिसतो. पुस्तकातला फोटो आणि समोरचा माणूस यात वरवर पाहता फरक नव्हता.

पण मामा सारखे मान खाजवत होते.

"खाज खूप आहे का?"

"काय सांगू मॅडम. झोप न्हाई. कातडं सोलून काढावं वाटतंय."

कुष्ठरोगात अशी खाज सहसा नसते. तिथे संवेदना जाते, वाढत नाही. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचं टोक गालाला, हाताला, पायाला लावत गेले. प्रत्येक वेळी त्यांनी बरोबर जागा दाखवली. कोपराजवळचा मज्जातंतू चाचपला; कुष्ठरोगात तो जाड होतो, इथे तसा नव्हता. कानाच्या पाळीला बारीकशी चीर देऊन तिथला रस काचेवर घेतला. याला आम्ही स्मिअर म्हणतो. कुष्ठरोगाचे जंतू भरपूर असतील तर ते त्यात दिसतात.

"रिपोर्ट येईपर्यंत काही ठरवू नका," मी गंगाधररावांना म्हटलं. "आणि तसं निघालं तरी गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो. माणसाला बाहेर काढायची गरज नसते."

"तुमचं बराबर हाय मॅडम. पण लोकं त्यांच्या हातचं तीर्थ घेईनात. नारळ फोडायला दुसऱ्याला बोलावतेत. आमी किती दिवस गप बसावं? कमिटीत दुसरा पुजारी बघा म्हणून राहिलेत."

मामा खाली बघत होते. त्यांच्या घराण्यात पूजा पिढ्यान्‌पिढ्या आहे. शेत नाही. देवळामागच्या खोल्यांत राहतात. पूजा गेली की घरही गेलं.

स्मिअर निगेटिव्ह आला. मी फोनवर गंगाधररावांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं." मग थांबून म्हणाले, "मग हाय काय?"

ते मला अजून माहीत नव्हतं.

सूज उतरायला मी थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या आणि मलम दिलं होतं. त्यानं फरक पडला. पुढच्या वेळी दोघंच आले. मी पुन्हा पहिल्यापासून विचारायला बसले. शेतात जाता का? नाही. नवा साबण, तेल? नाही. कधी आपोआप कमी होतं का?

मामांनी बायकोकडे पाहिलं. रुक्मिणबाई बोलल्या.

"लेकीकडं नांदेडला गेले व्हते, गेल्या साली. पंधरवडा ऱ्हायले. तोंड असं साफ झालं मॅडम, की मी वळखलंच न्हाई. गावात आले, पूजेला लागले, की चार-सहा दिवसांत पुन्हा तसंच."

"आणि पुन्हा बाहेर गेल्यावर?"

"पुन्हा बरं. तीनदा झालं असं." त्या पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. "समदं गाव म्हणतंय, देवालाच ह्यांची सेवा नको झालीय. देवळापासून लांब गेलं की बरं वाटतंय, आजून काय पुरावा पायजे?"

"काहून असं झालं असंल मॅडम?" मामांनी विचारलं. "माझ्याकडून काही चुकलं व्हय? मी तर गावात असताना एक दिवस खाडा केला न्हाई."

हा माणूस खाजेनं जेवढा थकला नव्हता, तेवढा या प्रश्नानं थकला होता.

मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. गावानं काढलेला अर्थ सोडून दिला, तर निरीक्षण उत्तम होतं. देवळाजवळ आलं की वाढतं, लांब गेलं की कमी होतं, आणि हे तीनदा झालं. म्हणजे देवळात किंवा देवळाभोवती असं काहीतरी होतं, ज्याच्यावर यांचं शरीर उठून धावत होतं.

चट्टे कुठे आहेत ते मी पुन्हा नीट पाहिलं. चेहरा, गळा, मानेचा मागचा भाग, कोपराच्या आतली घडी. पापण्यासुद्धा, आणि हनुवटीखालचा भाग, जिथे ऊन पोहोचत नाही. झाकलेली पाठ स्वच्छ. नुसत्या उन्हाचा त्रास असता तर हनुवटीखाली आणि कानामागे कातडी वाचली असती. इथे ती वाचली नव्हती. जे काही होतं ते हवेतून येऊन बसत होतं.

आमच्या भागात असं काही म्हटलं की पहिलं नाव मनात येतं ते गाजर गवताचं. काही जण त्याला काँग्रेस गवत म्हणतात. पाऊस झाला की रस्त्याकडेला, पडीक जागेत कमरेइतकं वाढतं आणि पांढरी बारीक फुलं येतात. वाळलं की त्याचा भुगा वाऱ्यावर उडतो.

त्याच आठवड्यात त्या बाजूला माझं एक शिबिर होतं. परतताना मी गाडी देवळाकडे वळवायला सांगितली. देऊळ लहान, दगडी, अंगण सारवलेलं. पुढची बाजू लखलखीत. मागे बोअर होतं, आणि बोअरच्या चहूबाजूंनी गाजर गवत. पांढरं झालेलं. त्याच्यावर मामांचं उपरणं आणि धोतर वाळत घातलं होतं.

मी तिथेच उभी राहिले. मामा रोज तेच उपरणं खांद्यावर घेत होते आणि त्यानंच घाम पुसत होते.

पण दिसणं आणि सिद्ध होणं वेगळं. म्हणून पॅच टेस्ट करायची ठरवली. यात ज्या गोष्टींचा संशय आहे त्यांचा थोडा थोडा अंश छोट्या वाट्यांसारख्या चकत्यांत भरतात आणि चिकटपट्टीनं पाठीवर लावतात. दोन दिवस तसंच ठेवायचं. मग काढून पाहायचं आणि आणखी दोन दिवसांनी परत पाहायचं. जिथे लाल होऊन फुगलं, तो गुन्हेगार.

"तोवर पाठीला पाणी लावायचं नाही," मी सांगितलं.

मामा दचकले. "म्हंजी अंघोळ न्हाई? अंघोळ न करता गाभाऱ्यात कसा जाऊ?"

या वेळी गंगाधररावही आले होते. दारात नव्हे, आत उभे होते. ते म्हणाले, "दोन-चार दिवस दुसरा माणूस बघू."

"दुसरा कशाला?" रुक्मिणबाई म्हणाल्या. "मी करते."

"बाईमाणसानं गाभाऱ्यात?"

"माझ्या सासूनं केली न्हाई का? मामंजी बाजंवर व्हते तवा सहा महिनं कोण करत व्हतं? तुमची आईच तर यायची तीर्थ घ्यायला."

गंगाधरराव काही बोलले नाहीत. त्या न बोलण्यालाच होकार धरून मी चकत्या चिकटवल्या.

दोन दिवसांनी पट्टी काढली. गाजर गवताच्या जागी रुपयाएवढा लालभडक फुगवटा, वर पाण्याचे फोड. बाकी सगळं कोरं. चौथ्या दिवशी तो आणखी फुलला होता.

"एवढ्याशा गवतानं सगळं तोंड तसं झालं?" गंगाधरराव वाकून बघत म्हणाले.

तेव्हा मला त्यांना टी-पेशींबद्दल सांगावं लागलं. वाचकांनाही सांगते.

टी-पेशी म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. शरीरात परकं काही शिरलं का, यावर त्यांची नजर असते. पण त्यांची नजर विचित्र आहे. अख्खा जंतू किंवा अख्खी वस्तू त्यांना ओळखताच येत नाही. कातडीत दुसऱ्या राखणदार पेशी असतात. त्या सापडेल ते गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि एखादा तुकडा आपल्या अंगावरच्या एका खोबणीत बसवून बाहेर धरतात. टी-पेशी तेवढाच तुकडा बघते. या तुकड्याला अँटिजेन म्हणतात.

गंगाधरराव हळद पिकवतात. मी त्यांना विचारलं, "तुम्ही मोंढ्यात हळद नेता तेव्हा व्यापारी सगळी पोती उघडून बघतो का?"

"कशाला बघंल? पोत्यातून मूठभर काढतेत, ताटलीत ठेवतेत. त्याच्यावर भाव."

"टी-पेशी तशीच आहे. पोतं बघत नाही. ताटलीतला नमुना बघते."

"आन नमुना चुकला तर?"

"इथे तेच झालंय."

गाजर गवतातलं रसायन अगदी लहान असतं. एकटं असताना टी-पेशी त्याची दखलही घेणार नाही. पण ते आपल्याच कातडीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. मग राखणदार पेशी जो तुकडा बाहेर धरते, तो असतो आपलाच, पण रूप बदललेला. प्रत्येक टी-पेशीकडे ओळखायचा एकच साचा असतो. शरीरात असे कोट्यवधी वेगवेगळे साचे फिरत असतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे, तिच्यावरून टी हे नाव पडलं. आपल्याच न बदललेल्या तुकड्यांवर जोरात धावून जाणाऱ्या पेशी बहुतेक तिथेच बाद होतात. पण हा बदललेला तुकडा तिथे कोणी पाहिलेला नसतो. एखाद्या पेशीचा साचा त्याला बरोबर बसतो. ती मग आपल्यासारख्या हजारो पेशी तयार करते. त्यातल्या काही वर्षानुवर्षं टिकून राहतात. पुढच्या वेळी तोच तुकडा दिसला की कातडीत गर्दी होते, सूज येते, खाज सुटते. ही गर्दी जमायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून पट्टी दोन दिवस ठेवायची.

"पण गवत तर समद्या गावात हाय," गंगाधरराव म्हणाले. "मग ह्यांनाच काहून?"

प्रश्न रास्त होता. प्रत्येक माणसाची खोबण थोडी वेगळी, साच्यांचा साठा वेगळा, आणि मामांची वर्षानुवर्षं त्या गवताशी घसट. "पण नेमकं यांनाच का, हे पूर्णपणे मलाही सांगता येणार नाही," मी म्हटलं. "एवढं मात्र नक्की, की हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. जंतू नाहीच, तर लागणार काय?"

गंगाधररावांनी हात पुढे केला. थोडं थांबले. मग मामांच्या पाठीवर, त्या डागाच्या शेजारी, बोट टेकवलं.

"दुखतंय का रे दिगंबर?"

"न्हाई. खाजवून राहिलंय निस्तं."

मामांचा आवाज बदलला होता. त्यांना गावातल्या कोणी हात लावून किती दिवस झाले होते, मला माहीत नाही.

गंगाधररावांनी पुढच्या रविवारीच गवत काढायला लावलं. अंगभर कपडे, हातमोजे, तोंडाला रुमाल, आणि मामांना त्या दिवशी गावाबाहेर पाठवलं. धुराचाही त्रास होतो म्हणून मी जाळू नका म्हटलं होतं, तर खड्डा करून पुरलं. बोअरच्या बाजूला फरशी टाकली. कपडे आता घरात वाळू लागले. महिन्याभरात मामांचा चेहरा माणसात आला. लोक तीर्थ घेऊ लागले. मी हे प्रकरण डोक्यातून काढून टाकलं.

दसऱ्यानंतर फोन आला. गंगाधररावच होते, पण आवाज पहिल्या दिवसासारखा.

"मॅडम, पुन्हा झालं. आधीपेक्षा जास्त. गवताची काडी न्हाई आता देवळाजवळ. मी सोता बघितलं. आता लोकायला काय सांगू? कमिटीची बैठक लावली लोकायनी."

मामा आले तेव्हा डोळे सुजून जवळजवळ मिटले होते. रुक्मिणबाई हात धरून घेऊन आल्या. मामा काही विचारतच नव्हते. आधी निदान "काहून" विचारत होते.

मी त्यांचे हात पाहिले. मागच्या वेळी हात जवळजवळ स्वच्छ होते. आता बोटांची टोकं तडकली होती, विशेषतः अंगठा आणि पहिली दोन बोटं. हे हवेतून आलेलं नव्हतं. या बोटांनी काहीतरी धरलं जात होतं.

"बाई," मी रुक्मिणबाईंना म्हटलं, "पूजेत यांचा हात ज्याला ज्याला लागतो, ते सगळं एका ताटात घेऊन या."

त्यांनी आणलं. बेल, भस्म, गंध, कापूर, वाती, झेंडू, आणि पिवळ्या शेवंतीची परडीभर फुलं.

"शेवंती कधीपासून?"

"नवरात्रापासून. एका पोरानं शेतात लावली औंदा. म्हणला, पहिला तोडा देवाला. तवापासून रोज पाटीभर देतोय. हे बसून हार करतेत. देठ खुडायचं, ववायचं."

शेवंती आणि गाजर गवत ही एकाच कुळातली. एक बाजारात, दुसरं उकिरड्यावर, इतका फरक असला तरी दोघांच्या अंगात एकाच जातीची रसायनं असतात. कातडीतल्या प्रथिनाला चिकटल्यावर तयार होणारा तुकडा इतका सारखा, की टी-पेशीला फरक कळत नाही. तिनं फूल पाहिलेलंच नसतं. तिनं तुकडा पाहिला, आणि तो तिच्या ओळखीचा निघाला.

भडका शांत झाल्यावर पुन्हा पॅच टेस्ट केली. बेल कोरा. भस्म कोरं. झेंडूला किंचित लाली, ती मी संशयात धरली. शेवंतीची पाकळी आणि पान जिथे लावलं होतं, तिथे तसाच फोड आला, गवताला आला होता तसा.

बैठकीला मला बोलावलं. मी सहसा जात नाही, त्या दिवशी गेले. सभामंडपात वीस-पंचवीस माणसं होती. मी सगळं सांगितलं, शक्य तितक्या सोप्या शब्दांत. मामांनी सदरा वर करून पाठ दाखवली. ते मी सांगितलं नव्हतं. त्यांनीच केलं.

शेवंती लावणारा तरुण, प्रकाश, मागे उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "माझ्या फुलानं झालं हे?"

"फुलाचा दोष नाही," मी म्हटलं. "तुझाही नाही."

"मग देवाला फूल बंद करायचं?" एक म्हातारे गृहस्थ तावानं म्हणाले. "एका माणसापायी?"

यावर बराच वेळ वाद झाला. कोणी म्हणालं पुजारी बदला, कोणी म्हणालं मोजे घालून पूजा करा.   मी डॉक्टर, मला यात मत नव्हतं, आणि असलं तरी ते मांडायची ती जागा नव्हती.

शेवटी रुक्मिणबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या. "फूल बंद करू नका. हार मी करते, मी घालते, निर्माल्य मीच काढते. त्याच्यानंतर गाभारा पाण्यानं धुऊन देते. मग हे अभिषेक, आरती करतील. पूजा आमच्या घरात हाय. कोणत्या हातानं करायची ते आमी बघू."

ते म्हातारे गृहस्थ उठून गेले. बाकीचे बसून राहिले. गंगाधरराव म्हणाले, "झालं तर मग," आणि बैठक संपली.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. मामा पूजा करतात. चेहरा पहिल्यासारखा झालेला नाही. मानेवरची कातडी काळी आणि जाडसर राहिली आहे. टी-पेशींचा जोर कमी ठेवणारी एक गोळी चालू आहे, तिच्यासाठी ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं. पावसाळ्यात थोडं वाढतंच, कारण गवत देवळाजवळचं गेलं, तालुक्यातलं नाही. काही घरं अजूनही फक्त रुक्मिणबाईंच्या हातचं तीर्थ घेतात. 

मध्यंतरी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, त्या पेशी कधी इसरत्यात का?"

"बहुतेक नाही," मी म्हटलं. गोड बोलून उपयोग नव्हता. एकदा झालेली ओळख पुसणारं औषध आमच्याकडे नाही. आम्ही फक्त त्या पेशींची आणि त्या तुकड्याची गाठ पडू देत नाही.

या केसनं मला एक सवय लावली. "बाहेरगावी गेलं की बरं वाटतं" असं कोणी पेशंट म्हणाला, की मी औषधांची यादी नंतर बघते. आधी विचारते, घरी परतल्यावर पहिला हात कशाला लागतो?